छाती मागे राहिली

"तुमचं थोडक्यात हुकलं हो," असं कोणी म्हटलेलं घरत बाईंना खपत नसे. आमचे मुख्याध्यापक हे वाक्य वर्षातून दोनदा तरी म्हणत, एकदा स्नेहसंमेलनात आणि एकदा तपासणीला साहेब आले की. "या आमच्या क्रीडाशिक्षिका, वैजयंती घरत. राष्ट्रीय स्पर्धेत आठशे मीटरचं सुवर्ण यांचं अगदी थोडक्यात हुकलं." बाई उभ्या राहत, नमस्कार करत आणि शांतपणे सांगत, "दुसरी आले, साहेब. पहिली आली ती केरळची मुलगी." मग खाली बसत. मुख्याध्यापकांना वाटे, बाई विनयानं बोलताहेत. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

मी बोर्ली पंचतनचा. संस्थेनं बदली केली म्हणून रेवदंड्याच्या अलीकडच्या या गावात विज्ञान शिकवायला आलो. पन्नाशी उलटली होती, रक्तात साखर निघाली होती आणि बायको मुलाच्या कॉलेजसाठी पनवेलला राहत होती. एक खोली भाड्यानं घेतली, ती नेमकी घरत बाईंच्या घराच्या मागच्या अंगाची निघाली. घरात माणसं दोनच, बाई आणि त्यांचे वडील हिराजी घरत. आई बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. हिराजींना सगळा गाव आबा म्हणे, मीही म्हणू लागलो.

आबांनी आधी मिठागरात काम केलं, मग ट्रक चालवला. पण त्यांची ओळख कबड्डीची. हे गावच कबड्डीचं. देवळाचा रंग उडाला तरी कोणी विचारत नाही, मैदानाची माती मात्र दर साल नवी पडते. आबा तरुणपणी चढाईला जात तेव्हा समोरच्या संघाचा जीव टांगणीला लागे असं म्हातारी माणसं सांगतात. त्याहून मोठी ख्याती दुसरीच होती. अंगाला कोणाचा हात लागला आणि पंचांनी तो पाहिला नाही, तरी आबा स्वतःहून हात वर करून मैदानाबाहेर जात. त्यामुळे गावात कसलीही भांडणं झाली, बांधाची असोत की वाटणीची, लोक आबांना मध्ये घालत. आबा म्हणतील ते दोन्हीकडच्यांना चाले.

मी राहायला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी आबा चहाचे दोन कप घेऊन माझ्या दारात उभे. "मास्तर, विज्ञान शिकवता ना? मग एक सांगा." कप खाली ठेवून त्यांनी माझ्या उंबऱ्याचीच रेषा केली. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला, हात लांब केला आणि म्हणाले, "ही रेषा. हा आमचे वैजूचा पाय, पार गेला. हा हात, त्योबी पार. आनि ती दुसरी पोरगी अजून मागं हाय. आता सांगा, कोन पयला?"

"वैजयंतीबाई," मी म्हणालो.

"झाला तर. तुमाला कलला, पंचांना कलला नाय. फसवली पोरीला."

मी मान डोलावली. भाडेकरूनं पहिल्याच दिवशी घरमालकाशी वाद घालू नये, एवढं मला कळतं. बाई पलीकडे स्वयंपाकघरात भाताची पेज गाळत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत असणार.

ही उंबऱ्यावरची शर्यत पुढे मी इतक्यांदा पाहिली की मला आबांचा प्रत्येक हावभाव पाठ झाला. पोस्टमन, मासळीवाली, लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा, कोणी सुटत नसे. आणि सगळेच आबांशी सहमत असत. बाई रौप्यपदक घेऊन आल्या तेव्हा गावानं बँजो लावून मिरवणूक काढली होती आणि फलकावर 'सुवर्णकन्या' असं छापलं होतं. कबड्डीत पकड पडलेल्याचं बोट मध्यरेषेला टेकलं की तो सुटला, हे जिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक, तिथं हात पलीकडे गेलेली मुलगी दुसरी कशी येते हे कोणाच्याच गळी उतरत नव्हतं. गावानं आपला निकाल लावून टाकला आणि तो फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टांगला. उन्हानं त्यातला लाल रंग गेला, पण फलक काही कोणी काढला नाही.

शाळेत बाई निराळ्याच होत्या. शिट्टी कधी गळ्यात अडकवली नाही, मुठीत धरत. जेवताना बोलत नसत. चालणं असं की शेजारच्यानं धावावं. माझी साखर कळल्यावर त्यांनी मला पहाटे समुद्राच्या पुळणीवर चालायला लावलं, आणि मी दमून थांबलो की म्हणत, "सर, थांबा तुम्ही. मी तुमच्याभोवती फिरते." आणि खरोखर फिरत. लग्नाचा विषय काढणारे पुष्कळ होते. "पहाटे पाचला उठणारा बघा, कधीही तयार आहे," एवढंच त्या म्हणत. आमच्या तालुक्यात तसा कोणी निघाला नसावा.

मुलींच्या शर्यतीत त्या कधी रेषेवर उभ्या राहिल्या नाहीत. रेषेच्या पुढे, चांगल्या लांब उभ्या राहत आणि ओरडत, "माझ्याकडे ये. रेषा विसर." शर्यत संपली की सगळे पहिलीकडे धावत. बाई दुसरीकडे जात. तिच्याशी बोलत नसत. पाण्याची बाटली तिच्या हातात देऊन मैदानाच्या कडेच्या सुरूंकडे बोट दाखवत. मुलगी झाडांमागे जाई, रडायचं असेल तर रडे, शिव्या घालायच्या असतील तर घाले. बाई मध्ये उभ्या राहून बाकीच्यांना अडवत. एकदा एका मुलीची आई डबा उघडून लाडू घेऊन निघाली, तर बाईंनी तिलाही थांबवलं. "आत्ता नको, वहिनी. आत्ता गोड लागायचं नाही."

"आणि तिसरीचं काय?" मी एकदा विचारलं.

"तिसरी खूश असते, सर. तिला चौथी दिसत असते."

मला ते तेव्हा नुसतंच चटपटीत बोलणं वाटलं.

मग एका वर्षी क्रीडादिनाला पंच कमी पडले आणि मला रेषेवर उभं केलं. चष्मा पुसून मी तयारीत होतो. चारशे मीटरच्या अंतिम शर्यतीत नववीच्या दोन मुली जवळजवळ बरोबर आल्या. एकीचा हात आधी रेषेपार गेला, मी तिचं नाव पुकारलं. बाई पुढून चालत आल्या. "सर, निकाल उलटा करा."

"अहो बाई, तिचा हात आधी पोचला. मी डोळ्यांनी पाहिलं."

"हात नाही बघायचा. पाय नाही, डोकंही नाही. धावण्यात छाती बघतात. छाती पोचली की माणूस पोचला."

मी निकाल उलटा केला. आणि मग एकदम माझ्या डोळ्यांपुढे उंबऱ्यावरचे आबा उभे राहिले, एक पाय आत, हात लांब, आणि छाती बाहेर माझ्या पायरीवर. मी मास्तर माणूस, मनातलं तोंडात यायला वेळ लागत नाही. "म्हणजे बाई, तुमच्या त्या शर्यतीत..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "जरा फक्की घेऊन या सर, रेषा पुसली गेलीय."

मी फक्कीची बादली आणली. संध्याकाळी मुलं गेल्यावर मी भाले आणि गोळे खोलीत ठेवत होतो, तेव्हा त्या गादीच्या वळकटीवर बसल्या आणि स्वतःहून सांगू लागल्या.

"धावण्याच्या शिबिरांत वर्षानुवर्षं रेषेवर छाती टाकायला शिकले होते. झोपेतून उठवलं असतं तरी टाकली असती. शेवटच्या वळणाला मी एकटीच पुढे होते. मी जिंकणार हे मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. आणि ती केरळची अचानक बाजूला आली. ती तिथं असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि माझा हात गेला, सर. हात पुढे फेकला की खांदा वळतो, छाती तिरकी होते. तेवढंच झालं." मुठीतली शिट्टी त्यांनी गादीवर ठेवली. "त्या शेवटच्या पावलाला मी धावपटू नव्हतेच. मी लहान होते, चढाईवरून परत येत होते. मागून कोणीतरी पाय धरलाय, दम संपलाय, आणि बाबा बाहेरून ओरडतायत, हात टाक वैजू, हात टाक."

"आबांना हे माहीत नाही?"

"त्यांनी आयुष्यात मला एकच गोष्ट शिकवली. जीव तोडून शिकवली. मी ती नको तिथं केली. हे त्यांच्या तोंडावर सांगू? त्यांना वाटू दे पंच चोर होते. त्या पंचांचं काही बिघडत नाही. बाबांचं बिघडेल." उठता उठता म्हणाल्या, "तुम्हीही बोलू नका."

मी बोललो नाही. आबा नवा पाहुणा धरून उंबऱ्यावर उभे राहिले की मी वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरायला शिकलो.

त्यानंतर मात्र पहाटेच्या फेरीत बाई त्या शर्यतीबद्दल अधूनमधून बोलत. एका दमात कधीच नाही. आज एक तुकडा, मग महिनाभर काही नाही. मला वाटायचं, हरल्यावर माणूस रडतो. बाई सांगत होत्या ते काही भलतंच होतं.

रेषा ओलांडल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले होते. पडद्यावर नावं उमटायला वेळ लागला, तोवर त्या हसत उभ्या होत्या. नाव दुसरं उमटलं तेव्हा सगळ्यात आधी लाज वाटली ती वर केलेल्या हातांची. ते खाली कसे आणायचे ते कळेना, म्हणून केस बांधायचं सोंग केलं. केरळची मुलगी गळ्यात पडून चक्क माफी मागू लागली, तिचा राग आलाच नाही. राग आला तो तिसरी आलेल्या मुलीचा. ती नाचत होती. "तिला मारावंसं वाटलं, सर. खरंच." मग भूक लागली. मुक्कामी जाऊन भाताची ताटं रिकामी केली आणि मेल्यासारख्या झोपल्या. गावात आल्यावर मिरवणुकीत हार घालून घेतले. रडू आलं ते पुढे कित्येक महिन्यांनी, रेवदंड्याच्या बाजारात, बोंबील घेताना. कोळीण बिचारी घाबरून भाव कमी करायला लागली.

"आणि स्वप्न पडतं का?" मी विचारलं.

"पडतं. स्वप्नात मी जिंकते. दर वेळी. हरण्याचं स्वप्न पडलं असतं तर बरं होतं, जाग आल्यावर सुटल्यासारखं तरी वाटलं असतं."

त्या आणखी दोन हंगाम धावल्या. दर शर्यतीत रेषा दिसू लागली की उजवा हात आपोआप उचलला जाई, तो खाली दाबण्याच्या नादात पाय मंदावत. गुडघा दुखतो असं सांगून त्यांनी धावणं सोडलं. गुडघा ठणठणीत होता. डॉक्टरांच्या दृष्टीनं दुखणंच नव्हतं, म्हणून औषधही नव्हतं. मी त्यांना म्हणालो, "बाई, एवढ्या वर्षांत हे कोणाशी बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "कोणाशी बोलणार? जो तो म्हणतो तू जिंकलीच होतीस. हरलेल्या माणसाला हरल्याचं दुःख तरी करू द्यावं की नाही?"

आबा गावातल्या मुलींचा कबड्डी संघ तयार करत. सत्तरी पार झाली होती, एक गुडघा वाकत नव्हता, पण रोज संध्याकाळी खुर्ची टाकून मैदानाच्या कडेला बसत आणि तिथून ओरडत. पुढे एका वर्षी गावच्या स्पर्धेत आमच्या मुली अंतिम सामन्यात आल्या. समोर पेणकडचा संघ. मैदानाभोवती गाव लोटला होता. प्रमुख पाहुण्या म्हणून बाईंना शाल आणि नारळ देऊन मंचावर बसवलं होतं, आणि कोणीतरी ग्रामपंचायतीतला तो 'सुवर्णकन्या' फलक आणून मागे लावला होता. मी खाली आबांच्या शेजारी, पहिल्या रांगेत.

सामना अखेरपर्यंत बरोबरीत चालला. शेवटच्या चढाईला पेणची एक सडपातळ मुलगी आली. आमच्या तिघींनी तिला आडवी पाडली. ती मातीत घासत, हात ताणत मध्यरेषेकडे सरकली, आणि पंचांनी तिला गुण दिले. आम्ही हरलो.

आमच्या मुलींनी पंचांना घेरलं. हात टेकलाच नाही, असा गलका झाला. लोक उठून उभे राहिले. मग आमची कर्णधार मुलगी धावत आबांपुढे आली. मातीनं माखलेली, डोळ्यांत पाणी. "आबा, तुमी सांगा. टेकला का तिचा हात?"

सगळं मैदान आबांकडे बघू लागलं. रेषेची फक्की त्या मुलीच्या बोटांनी पुसलेली मला माझ्या चष्म्यातून स्पष्ट दिसत होती. आबांना दिसली नसेल हे शक्यच नव्हतं. पंचांचा त्यांच्याकडे बघायचा रोख असा की आता आबा बोलतील आणि मिटेल. आबा रेषेकडे बघत राहिले. हरलेल्या मुली त्यांच्याच होत्या. मग ते माझ्याकडेही न बघता म्हणाले, "पंच कदी खरा देतात? आमचे वैजूला नाय फसवली?"

ते माईकवाल्यानं उचललं. त्याला तेवढंच हवं होतं. "ऐका मंडळी, आबा काय म्हणतात ते. याच गावच्या पोरीचा हात पुढं असून तिचं सोनं हिसकावून घेतलं. आज परत तेच." आरडाओरडा वाढला. कर्णधार मुलीनं पेणच्या मुलींशी हात मिळवायला नकार दिला, तिच्या मागे बाकीच्यांनीही. जिंकलेल्या मुली मैदानाच्या मधोमध एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. त्यांना आनंदही करता येईना.

मी मंचाकडे पाहिलं. बाई आबांकडे बघत होत्या. आबांनी मान खाली घातली होती. बापाला असं बघण्याची त्यांना सवय नव्हती, आणि मलाही नव्हती. बाईंनी शाल काढून खुर्चीवर ठेवली, खाली उतरल्या आणि माईकवाल्याच्या हातातून माईक घेतला.

"बोट टेकला," त्या म्हणाल्या. शाळेतली भाषा गळून पडली होती. "पेणच्या पोरींचे गुन बराबर हायत. मी बगितला. बाबानीबी बगितला."

कोणीतरी मागून काहीतरी ओरडलं. बाई थांबल्या, पण खाली बसल्या नाहीत.

"आनि मना कोनी फसवली नाय. धावन्यात हात नाय मोजत, छाती मोजतात. मी हात टाकला, छाती मागं रायली. ती पोरगी पयली आली. मी हारले. एवरी वर्सं तुमी फसवली फसवली बोलता, नि मी गप रायली. ती चूक माजी."

मग एकेक करून माणसं आबांकडे बघू लागली. त्या गावात हात टाकायला कोणी शिकवलं हे कोणाला सांगायची गरज नव्हती. तिथल्या प्रत्येक खेळाडूचा हात आबांचा होता. आबांनी मांडीवरचा पंचा उचलला, खुर्चीचा आधार घेऊन उठले आणि गर्दीतून वाट काढत घराकडे निघाले. लोकांनी त्यांना वाट दिली. बाईंनी पेणच्या मुलींना बक्षीस दिलं, आमच्या कर्णधार मुलीला पाणी दिलं आणि सगळ्यांच्या शेवटी घरी आल्या.

पुढचे दिवस त्या घरात बोलणं नव्हतं. आबा जेवत, कोंबड्यांना दाणे टाकत, ओट्यावर बसत. मुलींच्या सरावाला गेले नाहीत. पाहुणे आले तर मुकाट चहा देत, उंबऱ्यावर उभे राहत नसत. मला त्या शर्यतीचा कंटाळा आला होता, आता ती नाही म्हणून चुकल्यासारखं होऊ लागलं. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीतून मला फक्त भांड्यांचे आवाज येत.

पहाटे पुळणीवर मी बाईंना म्हणालो, "सांगितलंत ते बरं केलंत."

"कोणाचं बरं?" त्या म्हणाल्या. नेहमीपेक्षा हळू चालत होत्या, मला त्यांना गाठता येत होतं. "तेव्हा बोटभर हरले होते, सर. आता किती हरले ते कळत नाही. ते माझ्याशी भांडले असते तर चाललं असतं. ते नुसते आपल्या हाताकडे बघत बसतात."

विज्ञानाच्या पुस्तकात असल्या गोष्टी नसतात. तशात माझा बदलीचा हुकूम आला, खाडीपलीकडे, घराजवळच्या शाळेत. इतकी वर्षं मागितलेली बदली, आणि मिळाल्यावर दोन दिवस मी ती बाईंना सांगितली नाही. घर सोडायच्या आदल्या संध्याकाळी सामान बांधत होतो तेव्हा आबा दारात आले. मला वाटलं, निरोपाचं बोलतील. ते उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "मास्तर, हात पुढं गेला तर छाती मागं का जाते?"

मी उठलो. हात लांब करून दाखवला, खांदा कसा फिरतो ते दाखवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर तळवा ठेवून पाहिला, पुन्हा हात लांब करायला लावला, पुन्हा पाहिला. मग मान हलवून गेले.

सकाळची पहिली एसटी गाठायची होती, तरी सवयीनं मी पुळणीवर गेलो. ओहोटी लागली होती, ओली वाळू कडक झाली होती. सुरूच्या झाडांतून बाहेर पडणार तोच पुढे दोघं दिसली आणि मी तिथंच थांबलो. मी राहायला आल्यापासून आबा कधी पुळणीवर आलेले पाहिले नव्हते. त्यांनी काठीनं वाळूत लांब रेषा ओढली होती आणि तिच्या टोकाला गुडघा धरून ओणवे झाले होते.

"दाव मना," ते म्हणाले.

"काय दावू, बाबा?"

"छाती कशी टाकायची ती. मना कोनी शिकवली नाय, तर मी तुला कुठनं शिकवनार व्हतो? आता तू दाव."

बाई उभ्याच राहिल्या. मग मागे गेल्या, बऱ्याच मागे, आणि धावत आल्या. मी त्यांना मुलींबरोबर धावताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण हे धावणं ते नव्हतं. रेषेपाशी उजवा हात किंचित उचलला गेला.

"हात," आबा म्हणाले. "परत."

त्या परत गेल्या, परत आल्या. "परत." कितीदा ते मी मोजलं नाही. शेवटी एकदा दोन्ही हात मागे राहिले, खांदे मागे गेले आणि छाती रेषेवरून अशी गेली की बाई पुढे कोलमडता कोलमडता सावरल्या. आबांनी रेषेवरची नजर काढली नाही. "आली," ते म्हणाले. "आता पयली आली."

बाई वाळूत खाली बसल्या आणि रडू लागल्या. आबांनी त्यांना रडू दिलं, जवळ गेले नाहीत. मग काठी टाकली, लुंगी वर खोचली आणि स्वतः मागे चालू लागले. न वाकणारा पाय ओढत, धावल्यासारखं करत आले, आणि रेषेपाशी त्यांचा हात सटकन पुढे गेला. ते थांबले. हाताकडे बघून म्हणाले, "हा ऐकत नाय, वैजू."

बाईंनी डोळे पुसले आणि उठल्या. आबा पुन्हा मागे गेले तशा त्यांच्याबरोबर गेल्या, त्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. मग तशीच ती दोघं निघाली, म्हातारा पुढे, लेक मागे, आणि छाती काढून त्या रेषेवरून पार गेली.